शिकविणाराची परीक्षा

देवळाली कॅम्पांत पहाटे दूरच्या माळावरून तोफांचा गडगडाट ऐकूं येतो, त्यानें नवख्या पाहुण्याची झोंप उडते. तेथील रहिवासी मात्र कूस बदलून पुन्हां झोंपी जातात. खिडकीचीं तावदानें थरथरलीं, तर "आज रेंजवर सराव आहे" एवढेंच म्हणून गृहिणी चहाचें आधण ठेवते. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही लाम रोडच्या बाजूस राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे चार दिवस उतरलों होतों. दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्हांस जाग आली ती तोफांनीं नव्हे, तर माजघरांतून येणाऱ्या पुटपुटण्यानें. घरांतील मुलगा दहावींत आहे, तो पाठांतर करीत असेल असें वाटलें. पाहतों तों दिव्याखालीं पुस्तक उघडून घरच्या वहिनी बसलेल्या! एकवीस वर्षें ज्यांनीं लोकांच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्या स्वतःच्या परीक्षेची तयारी करीत होत्या.

या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. अप्पा माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, भगूरच्या पलीकडील एका खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका. आणि अप्पांची नात, म्हणजे वहिनींची पुतणी, हिनें अध्यापनाची पदविका घेऊन शिक्षकांची पात्रता परीक्षाही पहिल्याच खेपेस उत्तम गुणांनीं दिलेली. एका छपराखालीं एकीजवळ नोकरी आहे पण परीक्षेचें प्रमाणपत्र नाहीं, आणि दुसरीजवळ प्रमाणपत्र आहे पण नोकरी नाहीं. चार दिवस त्या घरांत दुसरा विषय नव्हता, आणि परततांना आमच्याही डोक्यांतून तो गेला नाहीं. ज्या कुटुंबांत आमचें हें मासिक जातें, त्यांतील बहुतेक घरांत एक तरी मास्तर किंवा बाई असावयाच्याच. म्हणून हा प्रश्न जरा निवांतपणें वाचकांपुढें मांडावा असें वाटलें.

कायदा काय म्हणतो

बालकांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. शाळा किती अंतरावर असावी, वर्ग किती मोठा असावा, याबरोबरच शिकविणारा कोण असावा हेंही त्या कायद्यानें ठरविलें. त्याच्या २३ व्या कलमान्वयें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे किमान अर्हता ठरविण्याचें काम आलें. आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनें तिनें ती ठरविली. पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं बारावीनंतरची दोन वर्षांची अध्यापन पदविका. सहावी ते आठवीसाठीं पदवी आणि तिच्या जोडीस अध्यापनाची पदविका किंवा पदवी. आणि दोहोंसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा. हीच परीक्षा लोकांच्या तोंडीं 'टीईटी' म्हणून रुळली. महाराष्ट्रांत ती प्रथम २०१३ च्या डिसेंबरांत झाली.

परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत सांगावयाचें तर दीडशें प्रश्न, दीडशें गुण, वेळ अडीच तास. खालच्या वर्गांच्या प्रश्नपत्रिकेंत बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकीं तीस गुण. सर्वसाधारण उमेदवारास साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण मिळाले तरच तो पात्र. ऐकावयास हें फारसें अवघड वाटत नाहीं. तथापि महाराष्ट्रांत बसणारांपैकीं पार होणारे बहुतेक खेपांस शेंकडा दहांच्याही आंतच राहिले. परीक्षा कठीण कीं तयारी कच्ची, हा वाद तेव्हांपासून चालूं आहे.

वहिनींची नेमणूक २००४ सालची. पदविका होतीच, नेमणूक नियमाप्रमाणें होती, आणि २०१० च्या अधिसूचनेंतच पूर्वीच्या नियमानुसार लागलेल्यांस सूट होती. त्यामुळें ही परीक्षा आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं आहे, अशी त्यांची व त्यांच्यासारख्या लाखों शिक्षकांची समजूत होती. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती समजूत दूर केली. ज्यांच्या सेवेचीं पांच वर्षांहून अधिक वर्षें उरलीं आहेत, त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनीं, मग त्यांची नेमणूक कायद्यापूर्वीची कां असेना, दोन वर्षांच्या आंत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें. न झाल्यास सेवा सोडावी लागेल. ज्यांचीं पांचांहून कमी वर्षें उरलीं आहेत त्यांस नोकरी पुरी करितां येईल, पण परीक्षेवांचून बढती मिळणार नाहीं. हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस कितपत लागू, हा प्रश्न मात्र न्यायालयानें मोठ्या पीठाकडे सोंपविला.

खटला ज्या राज्यांतून वर गेला त्यांत आपलें महाराष्ट्र होतें. निकालाची बातमी संध्याकाळच्या स्वैंपाकाच्या वेळीं घरांत आली, तेव्हां आजी म्हणाल्या, "अगो, शिकविणारीचीच परीक्षा? मग मुलांचें कोण पाहणार?" आजींचा प्रश्न भाबडा वाटला तरी साऱ्या वादाचें मूळ त्यांतच आहे.

पंतोजींपासून प्रमाणपत्रापर्यंत

आमच्या पणज्यांच्या काळीं शिकविणारास कोणी प्रमाणपत्र विचारीत नसे. गांवांतील एखाद्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरे. धुळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, मोडी वाचावयाची, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत घोकावयाचें, आणि सणावारीं पंतोजींस शिधा द्यावयाचा. पंतोजी बहुधा आमच्याच जातीचा. त्याची छडी हीच त्याची पदवी. कांहीं पंतोजी उत्तम असत; कांहीं नुसतेच तापट. उत्तम कोणता आणि तापट कोणता, हें मूल त्याच्या हातीं दिल्यावरच कळे.

१८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें, ज्यास 'वुडचा खलिता' म्हणतात, प्रथम अशी सूचना केली कीं, शिक्षक हा तयार करावा लागतो; त्यास विद्यावेतन देऊन शिकवावें, आणि मग प्रमाणपत्र द्यावें. मुंबई इलाख्यांत नॉर्मल स्कुलें व ट्रेनिंग कॉलेजें निघालीं. पुण्यास स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेज १८७० सालीं सुरू झालें. त्याच्याही पूर्वीं, १८४८ पासून मुलींना शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनीं स्वतः अध्यापनाचें शिक्षण घेतलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोठ्या कार्यास निघालेल्या त्या बाईंना आपण आधीं शिकावें यांत कमीपणा वाटला नाहीं.

त्या प्रशिक्षणाची योजना पाहिली म्हणजे एक गोष्ट उघड दिसते. सरकार आधीं उमेदवारास पोटापुरतें देई, वर्ष-दोन वर्षें शिकवी, सरावशाळेंत त्याच्याकडून पाठ घेववी, आणि मग परीक्षा घेई. 'फर्स्ट इयर ट्रेन्ड', 'थर्ड इयर ट्रेन्ड' हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं पगाराच्या आंकड्याइतक्याच सहजतेनें येत. 'अनट्रेन्ड मास्तर' म्हणजे अर्धा मास्तर, अशी समजूत खेड्यापाड्यांतही रुजली होती.

१८८२ सालीं शिक्षणाची चौकशी करण्यास हंटर कमिशन आलें, त्यापुढें जोतीराव फुल्यांनीं आपलें निवेदन ठेविलें. त्यांत त्यांनीं प्राथमिक शिक्षकांविषयीं जें म्हटलें, तें आमच्या घरांतील वाचकांस किंचित् टोंचेल. पण तें वाचावें. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले आहेत, आणि शेतकऱ्याच्या मुलाशीं मिसळणें त्यांस जमत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणून शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, होईल तों शेतकरी वर्गांतून यावा, आणि त्यास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं तर पंधरा किंवा वीस असावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण, मुलांशीं आपलेपणा आणि पोटापुरता पगार, या तिन्ही गोष्टी त्यांनीं एकत्र मागितल्या. नुसती परीक्षा घ्या, असें त्यांनीं म्हटलें नव्हतें.

त्या प्रमाणपत्रानें आमच्याच समाजांतील किती बायकांना उभें केलें, हेंही विसरतां कामा नये. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनांतून आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमांतून शिकून कितीतरी विधवा शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. अनुताई वाघ तेराव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या. व्हर्नाक्युलर फायनल देऊन, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकून त्या आमच्या नाशिक जिल्ह्यांतील चांदवडास शिक्षिका झाल्या. पुढें त्याच बाई ताराबाई मोडकांच्या जोडीनें बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी मुलांत जाऊन राहिल्या आणि बालशिक्षणाची नवी वाट त्यांनीं पाडली. नोकरी सांभाळून त्या पुढें मॅट्रिक झाल्या, आणि पन्नाशीला टेकल्यावर बी. ए. झाल्या. अप्पांच्या घरींही एक आत्याबाई अशाच शिकून मास्तरीण झाल्या होत्या. त्यांचें जुनें प्रमाणपत्र अजून देवघराशेजारच्या भिंतीवर चौकटींत आहे. अप्पा म्हणाले, "आमच्या घरांत सोन्याचे दागिने मोडले गेले, पण हा कागद कोणी हलविला नाहीं."

कागदाची किंमत कशी उतरली

मग त्याच कागदाची पत इतकी कां उतरली, कीं वर आणखी एक परीक्षा घ्यावी लागली? याचें उत्तर देतांना एकट्या शिक्षकांस दोष देणें न्यायाचें नाहीं.

२००० सालीं महाराष्ट्रानें 'शिक्षणसेवक' योजना आणली. नवा प्राथमिक शिक्षक पहिलीं तीन वर्षें सेवक म्हणून दरमहा तीन हजार रुपये मानधनावर राबणार, आणि मग कायम होणार. वहिनींनीं तीं तीन वर्षें काढलीं. "स्कूटरला पेट्रोल घातलें कीं राहिलेल्या पैशांत वाणसामानाची पुडी येई," असें त्या हंसत सांगतात. हें मानधन वाढत वाढत २०२३ सालीं सोळा हजारांवर आलें. त्याच काळांत गल्लोगल्लीं डी. एड्. ची विद्यालयें निघालीं. त्यांत चांगलीं होतीं, तशीं केवळ शुल्कासाठीं उघडलेलींही होतीं. बारावी झालेली लाखों मुलें-मुली नोकरीच्या आशेनें तेथें गेलीं. इतक्यांत २०११ च्या ऑक्टोबरांत राज्यभर पटपडताळणी झाली. कागदावरचीं मुलें वर्गांत नाहींत असें कित्येक ठिकाणीं आढळलें. आणि २०१२ सालीं शिक्षकभरतीवर बंदी आली. विद्यालयें ओस पडलीं, पण तेथून निघालेलीं मुलें कोठें जाणार?

त्यांतून सर्वांत लाजिरवाणी गोष्ट घडली. २०२० च्या जानेवारींत झालेल्या पात्रता परीक्षेंत पैसे घेऊन गुण वाढविले गेल्याचें प्रकरण २०२१ च्या अखेरीस पुण्याच्या पोलिसांनीं उघडकीस आणलें. परीक्षा घेणारे वरिष्ठ अधिकारीच त्यांत पकडले गेले. आणि पुढच्या वर्षीं साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. मुलांची पारख करणारा शिक्षक खरा असावा म्हणून जी कसोटी लाविली, तो कसोटीचा दगडच खोटा निघाला. ज्या गरीब मुलीनें त्याच परीक्षेंत दिव्याखालीं जागून शहाऐंशी गुण मिळविले आणि चार गुणांनीं ती राहिली, तिच्या मनाचें काय झालें असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

असें असूनही कसोटी नकोच, असें म्हणतां येत नाहीं. २०१८ सालीं बी. एड्. झालेल्यांसही पहिली ते पांचवीचे वर्ग शिकवितां यावेत अशी मुभा देण्यांत आली होती. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें ती काढून घेतली. सहा वर्षांच्या मुलास अक्षरओळख करून देणें ही मोठ्या मुलांस भूमिती शिकविण्याहून निराळी विद्या आहे, हें तत्त्व त्यामागें होतें. घरांत लहान मूल वाढविलेल्या प्रत्येक आईस हें तत्त्व न्यायालयाच्या आधींपासून ठाऊक आहे.

घरांतला वाद

दिवाळीच्या पाडव्यास फराळ करतांना या प्रश्नावर घरांत चांगलाच वाद रंगला. अप्पा तावातावानें म्हणाले, "सरकारनेंच नेमलें, सरकारनेंच दरवर्षीं गोपनीय अहवालांत शेरे लिहिले, आणि आतां सरकार विचारतें, तुम्हांला येतें का? मग एकवीस वर्षें हे शेरे काय झोंपेंत लिहिले?"

पुतणी हळूच म्हणाली, "आजोबा, पण काकूंच्या जागीं नुसते दिवस भरणारेही आहेत ना? त्यांच्या वर्गांतल्या मुलांनीं कोणाकडे जावें? मी पास झालें आहे, अभियोग्यता चाचणीही दिली आहे. दोनशें प्रश्न दोन तासांत सोडवून आलें. यादीची वाट पाहत बसलें आहे."

खुद्द वहिनी मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, परीक्षेची मला लाज नाहीं वाटत. खरें सांगूं? या पुस्तकांत मुलें चुका कां करतात यावर एक प्रकरण आहे. तें वाचतांना माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला. तो 'बावीस' म्हटलें कीं दोनावर दोन न लिहितां विसावर दोन लिहायचा, दोनशेंदोन. मी त्याला वर्षभर खोडून काढायला लावलें. आतां वाचलें कीं तो चुकत नव्हता, तो ऐकलें तसें लिहीत होता. त्याला दशक कसा समजवायचा तें मला ठाऊक नव्हतें. हें मला कोणी दहा वर्षांपूर्वीं शिकवलें असतें तर?"

कांहीं वेळानें त्यांनींच दुसरी बाजू सांगितली. "पण माझ्या शाळेंत दिवाळीनंतर वीटभट्टीवरच्या लोकांचीं मुलें येतात. पावसाच्या आधीं निघून जातात. त्यांची घरची बोली वेगळी. पहिले आठ दिवस तीं तोंड उघडत नाहींत. त्यांना बोलतें कसें करायचें, हें त्या दीडशें प्रश्नांत कुठें विचारलेलें नाहीं. तें मला येतें. त्याचे गुण कोण देणार?"

यावर कोणी बोललें नाहीं. अप्पांनीं चकलीचा तुकडा मोडून तसाच ताटांत ठेविला.

आमच्या मतें वहिनींच्या या दोन बोलण्यांत सारा प्रश्न आला. अनुभव हा मोठा गुरु खरा, पण तो एकच चूक वीस वर्षें करावयासही शिकवूं शकतो; म्हणून शिक्षकानें शिकत राहिलें पाहिजे आणि तें शिकणें कोठें तरी पारखलें गेलें पाहिजे. परंतु चार पर्यायांपैकीं एकावर खूण करण्यानें जें ज्ञान कळतें तें शिक्षकाचें अर्धेंच ज्ञान होय. उरलेलें अर्धें वर्गांत मागच्या बांकावर बसून पाहिल्यावांचून दिसत नाहीं.

तोफखान्याचा धडा

संध्याकाळीं शेजारचे एक पेन्शनर सुभेदार फराळास आले. देवळालींत भारतीय तोफखान्याचें विद्यालय आहे. देशभरांतील तोफखान्याचे अधिकारी, हवालदार, जवान येथें शिकावयास येतात. सुभेदारसाहेबांनीं वाद ऐकून घेतला आणि ते म्हणाले, "आमच्यांत कोर्स कुणाला चुकत नाहीं. वीस वर्षें तोफ चालवलेला माणूससुद्धां नवी तोफ आली कीं शिकायला बसतो, परीक्षा देतो. त्यांत अपमान कसला? पण एक आहे. कोर्सला पाठवतांना माणसाला पलटणीच्या कामांतून मोकळा करतात. राहायला खोली, शिकवायला उस्ताद, सरावाला तोफ. ड्यूटी करून रात्रीं घरीं वाच आणि सकाळीं नेम धर, असें कोणी सांगत नाहीं."

आमच्या डोळ्यांपुढें पहांटेचा तो दिवा आला. कायद्याच्या २७ व्या कलमानें शिक्षकांस जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांवांचून दुसरें शाळाबाह्य काम देण्यास मनाई आहे. पण या तीन कामांचाच पसारा केवढा! त्यावर पोषण आहाराचा हिशेब, निरनिराळ्या नोंदी, मोबाईलवर रोज भरावयाची माहिती. तें सारें उरकून, स्कूटरवरून परत येऊन, घरचा स्वैंपाक करून, मग अभ्यास.

येथेंच जुन्या ट्रेनिंग कॉलेजांचा आणि आजच्या व्यवस्थेचा भेद दिसतो. त्यांनीं आधीं घडविलें आणि मग पारखलें. आपण आधीं पारखतों, आणि घडविण्याचें काम बाजारांतील मार्गदर्शक पुस्तकांवर व खासगी शिकवण्यांवर सोंपवितों. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, त्या याच कामासाठीं. २०२० च्या नव्या धोरणांत प्रत्येक शिक्षकानें दरवर्षीं निदान पन्नास तास स्वतःच्या शिक्षणास द्यावेत, आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्म अध्यापन पदवी ही किमान अर्हता व्हावी, असें म्हटलें आहे. कागदावर हें सारें उत्तम आहे. त्या संस्थांनीं सुटींत, पगारी रजेंत, या शिक्षकांना बोलावून सहा-सहा आठवडे शिकवावें, त्यांचे पाठ पाहावेत, आणि त्या पाठांसही गुण असावेत. म्हणजे परीक्षेची भीति निम्मी होईल आणि तिचा उपयोग दुप्पट होईल. दारावरची परीक्षा एकदांच व्हावी. पण ती पार करून आलेल्या पुतणीसारख्या मुलींस वर्षानुवर्षें दारांत उभें करूं नये.

आपण काय करावें

सरकारास उपदेश करणें सोपें. घरास करणें कठीण. तरी दोन शब्द स्वतःकडे वळवितों. आपल्यांतील बहुतेक कुटुंबांनीं जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या शाळांतून आपलीं मुलें केव्हांच काढून घेतलीं. ज्या शाळांत आजोबा शिकले, तेथें नातू पाऊल ठेवीत नाहीं. खेड्यांतली शिक्षिका परीक्षा पास आहे का, याची चर्चा आपण चवीनें करितों. पण ज्या इंग्रजी शाळेस आपण वर्षाकाठीं हजारों रुपये भरतों, तेथें पहिलीच्या वर्गावर कोण आहे, त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें आहे का, हें आपण विचारिलें आहे काय? २३ वें कलम खासगी शाळांसही लागू आहे. गणवेषाचा रंग आणि बसचा मार्ग विचारतांना हा एक प्रश्नही विचारावा. तो विचारणें हा पालकाचा हक्कच आहे.

आणि ज्यांच्या घरांत अशी एखादी वहिनी किंवा सून या वयांत पुस्तक उघडून बसली असेल, त्यांनीं तिच्या परीक्षेस हंसूं नये व तिची कींवही करूं नये. मुलाची दहावी असली कीं घरांतला दूरदर्शनसंच बंद होतो, पाहुण्यांस "नंतर या" म्हणून कळविलें जातें, दुधाचा पेला खोलींत पोंचतो. त्यांतला निम्मा मान तरी या परीक्षेस द्यावा.

अप्पांच्या घरीं भाऊबीजेच्या दिवशीं याची सुरुवात झालेली आम्हीं पाहिली. आजींनीं सांगून टाकलें कीं परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा स्वैंपाक सूनबाईंकडे नाहीं. पोळ्या त्या स्वतः लाटतील आणि कुकर मुलगा लावील. मुलानें कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापूर्वीं आईस गणिताचे पांच प्रश्न घालावयाचे, असाही नियम झाला. अप्पांनीं, ज्यांचा या परीक्षेस तात्त्विक विरोध होता व अजूनही आहे, भाषेचा विभाग आपल्याकडे घेतला. समास आणि प्रयोग शिकवितांना त्यांचा जुना वर्गांतला आवाज पुन्हां लागला. बालमानसशास्त्र पुतणी शिकविते.

तीन वाजण्याच्या सुमारास आम्ही निघण्याची तयारी करीत होतों, तेव्हां काकू-पुतणी ओसरीवर बसल्या होत्या. पुतणीनें एक प्रकरण समजावून सांगितलें. तें संपल्यावर वहिनींनीं पुस्तक मिटलें आणि म्हणाल्या, "आतां तूं मला सांग, पहिल्या दिवशीं तीस मुलें समोर आहेत, त्यांतलीं दोन रडताहेत, एक खिडकींत चढलें आहे, आणि एकाला तुझी भाषाच येत नाहीं. काय करशील?" पुतणी गप्प झाली. मग वहिनी सांगूं लागल्या, आणि ती वहींत लिहून घेऊं लागली.

दूर माळावर तोफ वाजली, तावदानें थरथरलीं. दोघींपैकीं कोणीही मान वर केली नाहीं. देवळाली स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना आमच्या मनांत आलें, जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेंत जें व्हावयास पाहिजे तें या ओसरीवर फुकट चाललें आहे. पण प्रत्येक शिक्षिकेस अशी ओसरी, असे सासरे आणि अशी पुतणी मिळत नाहींत. ज्यांना मिळत नाहींत, त्यांची सोय करणें हें परीक्षा घेणाराचें काम आहे, आणि तें झालें कीं नाहीं हें विचारणें आपलें.